गेम ओव्हर? अजून नाही!

"काय करतेस गं एवढं त्या लॅपटॉपवर?"

"वाचतेय, आई."

"हातात माउस धरून?"

मे महिन्याच्या सुट्टीत ओझरला घरी होते तेव्हा रोज दुपारी आमच्याकडे हा संवाद ठरलेला. आईला वाटायचं मी थापा मारतेय. पण खरं सांगते मंडळी, मी गेम खेळत होते हे जितकं खरं, तितकंच मी वाचत होते हेही खरं. त्या गेमचं नाव 'डिस्को एलिसियम'. त्यात दहा लाखांहून जास्त शब्द आहेत. कॉन्व्हेंटमध्ये बारा वर्षं घासूनसुद्धा दर दहा मिनिटांनी मला डिक्शनरी उघडावी लागत होती. आणि आता त्यावर मराठीत लिहायला बसलेय, म्हणजे दुहेरी शिक्षा! ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मराठी विभागाच्या संपादकांनी पोटात घालाव्यात, ही आधीच विनंती.

गेम म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी रात्री दोनपर्यंत मोबाइलवर "मागे आहे, मागे आहे, मार त्याला!" असं ओरडणारी. दुसरी "गेम म्हणजे टाइमपास, आयुष्याची वाट" असं म्हणणारी. हिच्यात बहुतेक सर लोक, सगळे पालक आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी आपण सगळेच! मला दोन्ही पार्ट्यांशी भांडायचं नाही. एवढंच सांगायचंय की एका गेमने मला अशी एक गोष्ट शिकवली, जी मला इथे सहा सेमिस्टरमध्ये कुणी शिकवली नाही. आणि ती जरा आधी कळली असती तर माझ्या हातून एक चूक झाली नसती.

आधी गेमबद्दल. सुरुवात होते ती एका हॉस्टेलच्या खोलीत! खरंच. खाली कॅफेटेरिया, वर खोल्या. एका खोलीत एक जाडजूड, मध्यमवयीन माणूस जमिनीवर पडलाय. अंगावर धड कपडे नाहीत, खोलीचा पार उकिरडा झालेला, खिडकीची काच फुटलेली, टाय पंख्याला लटकून गरगर फिरतोय. (आपल्या बॉइज हॉस्टेलच्या गॅदरिंगनंतरच्या सकाळची आठवण झाली ना?) इतकी प्यायलाय की स्वतःचं नावही आठवत नाही. जग कुठलं, साल कुठलं, पत्ता नाही. मग हळूहळू कळतं की हा साहेब पोलीस डिटेक्टिव्ह आहे. हॉस्टेलच्या मागच्या अंगणात झाडाला सात दिवस एक प्रेत लटकतंय, आणि त्याचा तपास करायला याला पाठवलंय. खाली किम कित्सुरागी नावाचा एक शांत, नीटनेटका सहकारी वाट बघत उभा आहे. आणि मॅनेजर बिल घेऊन उभा आहे, १३० रेआल!

हा गेम आरपीजी प्रकारातला, म्हणजे तुम्ही एक पात्र घेऊन त्याचं आयुष्य जगायचं. पण नेहमीच्या आरपीजीतल्या तलवारी, ड्रॅगन, लढायांचा यात पत्ता नाही. सगळं घडतं ते बोलण्यातून. चित्रं अशी की कुणीतरी ऑइल पेंटचे जाड फटकारे मारून शहर उभं केलंय. आणि सगळ्यात अजब भाग म्हणजे त्या माणसाच्या डोक्यातले आवाज. त्याची चोवीस कौशल्यं आहेत. बुद्धी, मन, शरीर आणि हातापायांची चपळाई असे चार गट, प्रत्येकात सहा. ही कौशल्यं नुसते आकडे नाहीत, ती बोलतात. लॉजिक बोलतं, एम्पथी बोलते. 'एनसायक्लोपीडिया' नको तेव्हा नको ती माहिती देतो. 'इलेक्ट्रोकेमिस्ट्री' म्हणतो, चल एक सिगारेट मारू. 'हाफ लाइट' म्हणजे भीतीचा आवाज. मी त्याचं मनातल्या मनात 'तिन्हीसांज' असं भाषांतर केलं होतं. 'शिव्हर्स' म्हणजे शहारा. तो आला की अख्खं शहर त्याच्याशी बोलायला लागतं. 'इनलँड एम्पायर' नावाच्या कौशल्यात तुम्ही पॉइंट्स टाकलेत तर तो पंख्यावरचा टायसुद्धा गप्पा मारतो!

ऐकायला येडपट वाटतं. पण सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या डोक्यात दुसरं काय चालू असतं? लॉजिक म्हणतं, पाच असाइनमेंट, सहा तास, होऊन जाईल. शरीर म्हणतं, आधी चहा. भीती म्हणते, सर तोंडी परीक्षेत तुझंच नाव पहिलं घेणार. आणि कुठूनतरी एक आवाज म्हणतो की चल, गच्चीवर जाऊन चांदणं बघू. ही आपली रोजची गर्दी या लोकांनी उचलून पडद्यावर मांडलीय, एवढंच.

दुसरं म्हणजे, ते शहर मला अनोळखी वाटलंच नाही. त्याचं नाव रेवाशोल, आणि गोष्ट घडते त्याच्या मार्टिनेझ नावाच्या बंदराच्या वस्तीत. पन्नास वर्षांपूर्वी तिथे क्रांती झाली होती, ती चिरडली गेली. भिंतींवर गोळ्यांच्या खुणा अजून तशाच. त्या भिंतींच्या आसपास दोन म्हातारे भांडत भांडत लोखंडी गोळ्यांचा खेळ खेळत बसतात. सध्या बंदरावर संप आहे. एका बाजूला कामगारांची युनियन आणि तिचा बेरकी पुढारी, दुसऱ्या बाजूला कंपनीने बोलणी करायला पाठवलेल्या बाई. एकाचं ऐकलं की तो खरा वाटतो, दुसरीचं ऐकलं की ती. आणि दोघंही काहीतरी लपवत असतात.

आता मी आहे ओझरची. ओझर मिग. नाशिकपासून वीसेक किलोमीटर, मुंबई-आग्रा हायवेवर. मिग-२१ बांधायला १९६४ साली इथे एचएएलचा कारखाना आला आणि गावाला विमानाचंच नाव चिकटलं. २६ सप्टेंबर २०२५ ला ते विमान हवाई दलातून निवृत्तसुद्धा झालं, पण कंडक्टर अजून "मिग, मिग" असंच ओरडतो. आमच्या कॉलनीत वेळ घड्याळावर कमी आणि शिफ्टवर जास्त चालते. आणि संप काय असतो ते मी नववीत असताना पाहिलंय. १४ ऑक्टोबर २०१९ ला वेतनकराराच्या प्रश्नावर एचएएलच्या देशभरातल्या कामगार संघटनांनी बेमुदत संप सुरू केला, त्यात ओझरही होतं. आठवडाभराहून थोडा जास्त चालला आणि कर्नाटक उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर थांबला. मला आठवतं ते एवढंच की पप्पा भर दुपारी घरी होते. मैत्रिणीचे बाबा ऑफिसर. ते आणि पप्पा जिन्यात समोरासमोर आले की दोघंही उगाच हवापाण्यावर बोलायचे.

आणि गंमत बघा, 'डिस्को एलिसियम' बाजारात आला तो १५ ऑक्टोबर २०१९ ला! आमच्याकडच्या संपाच्या दुसऱ्या दिवशी. मला हे सहा वर्षांनी तारखा जुळवताना कळलं आणि अंगावर खरोखरचा 'शिव्हर्स' आला. एस्टोनियासारख्या चिमुकल्या देशातल्या पोरांनी रचलेल्या खोट्या शहरात मला आमच्या जिन्यातली ती हवापाण्याची चर्चा सापडली होती.

आता मुद्द्यावर येते. या गेममध्ये प्रत्येक अवघड गोष्टीसाठी फासे टाकावे लागतात. दोन फासे, म्हणजे ३६ शक्यता. (एम-३ मधली प्रोबॅबिलिटी कुठे उपयोगी पडते असं विचारणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावं.) समजा काम १० चं आहे आणि तुमचं कौशल्य ४ आहे, तर फाशांवर ६ किंवा जास्त हवेत. ३६ पैकी २६ वेळा येतील, म्हणजे ७२ टक्के. काम १४ चं असेल तर १० किंवा जास्त हवेत, ३६ पैकी ६ वेळा, म्हणजे जेमतेम १७ टक्के. दोन्ही फाशांवर सहा पडले तर काहीही असो, पास. दोन्हीवर एक पडला तर कितीही हुशार असा, नापास! म्हणून ३ टक्क्यांच्या खाली आणि ९७ टक्क्यांच्या वर आकडा कधी जातच नाही. हा नियम मला फार आवडला. ९७ टक्के तयारी करणाऱ्यालाही ३ टक्के घसरण ठेवलेली आहे, आणि ज्याचं काहीच खरं नाही त्यालाही ३ टक्के आशा.

या चेकचे दोन प्रकार आहेत. पांढरा आणि लाल. पांढरा चेक नापास झालात तर त्याला कुलूप लागतं, पण कायमचं नाही. त्या कौशल्यात एक पॉइंट वाढवा किंवा बाहेर फिरून काहीतरी नवीन शोधून काढा, की कुलूप उघडतं. लाल चेक मात्र एकदाच. जे होईल ते झालं, परत नाही.

मी सुरुवातीला काय केलं? जे आपण सगळे करतो तेच. आधी सेव्ह, मग फासे. नापास झाले की रिलोड. परत नापास, परत रिलोड. पहिल्याच खोलीत पंख्यावरचा टाय काढताना माझा डिटेक्टिव्ह हार्ट अटॅकने मेला. (हो, या गेममध्ये टाय काढतानाही मरता येतं.) तेव्हापासून तर मी श्वास घेतला तरी सेव्ह करायला लागले. दोन दिवस असं खेळले. सगळीकडे पास होत होते आणि मला कमालीचं बोअर होत होतं.

तिसऱ्या दिवशी खेळण्याच्या नादात सेव्ह करायचं राहिलं. एका लाल चेकवर आपटले आणि बघते तर शेवटचा सेव्ह दोन तासांपूर्वीचा! चडफडले, पण परत दोन तास घालवायची हिंमत नव्हती. म्हटलं, चला पुढे. आणि गेम पुढे गेला! नुसता पुढे गेला नाही, जास्त मजेत गेला. नापास होण्याचाही पूर्ण प्रसंग लिहून ठेवलेला होता. संवाद होते, विनोद होता, किमचा एक खास चेहरा होता. लिहिणाऱ्याने पास होणाऱ्यांवर जेवढी मेहनत घेतली होती तेवढीच आपटणाऱ्यांवरही घेतली होती. मग मी मुद्दाम रिलोड बंद केलं. हॉस्टेलच्या स्टेजवर गाणं म्हणायचा एक प्रसंग आहे. फासे फसले तरी तो माणूस गातोच. भसाड्या आवाजात, सूर सोडून, पण गातो. ते गाणं ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईने विचारलं काय झालं. मी म्हटलं, कांदा. घरात कांदा चिरलेला नव्हता.

सापशिडीतही तसंच असतं की. साप गिळतो, खाली आणतो, पण डावातून बाद करत नाही. लहानपणी आपल्याला हे नीट माहीत होतं. मध्ये कुठेतरी विसरलो.

आता ती चूक सांगते. नाव सांगणार नाही, ओळखणारे ओळखतील, त्यांनी गप्प राहावं. सेकंड इयरला माझी एक रूममेट होती. अभ्यासू, पहाटे पाचला उठणारी. रिझल्ट लागला आणि तिचे इतके विषय राहिले की वर्षच गेलं. वायडी. त्या रात्री आपल्या मजल्यावर जे नेहमी होतं तेच झालं. पास झालेल्यांच्या खोल्यांतून फोनवर हसणं, बाकीच्यांच्या खोल्यांचे दिवे बंद. रात्री साडेबाराच्या सुमाराला अंधारात तिने विचारलं, "झोपलीस का गं?"

मी जागी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नवाला सबमिशन होतं, जर्नल अर्धं बाकी होतं. मला वाटलं आता बोलायला लागलो तर दोन वाजतील. मी उत्तर दिलं नाही. झोपेचा आवाजसुद्धा काढला.

दोन दिवसांनी तिचे वडील आले, गादी गुंडाळली, ट्रंक उचलली आणि ती गेली. "फोन कर गं" असं मी म्हटलं. तिनेही "हो" म्हटलं. तो फोन कित्येक महिने झाला नाही, ना तिच्याकडून ना माझ्याकडून.

मे महिन्यात, आमच्या हॉलमध्ये पंख्याखाली बसून लाल आणि पांढऱ्या चेकचा नियम वाचला, तेव्हा मला ती रात्र आठवली. आपण सगळं उलटं समजून बसलोय, असं माझं स्पष्ट मत झालं. केटी हा पांढरा चेक आहे. कुलूप लागलंय, पण ते उघडतं. थोडं नवीन शिका, एक पॉइंट वाढवा, परत फासे टाका. तरी आपण त्याला लाल समजतो. खोलीचा दिवा बंद करतो, मेसला जात नाही, घरी खोटं सांगतो. आणि "झोपलीस का गं?" हा मात्र लाल चेक होता. एकदाच आला, तीन शब्दांचा. तो मी पांढरा समजले. म्हटलं, उद्या बोलू.

इथे सर लोकांच्या बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी. पांढरा चेक नुसता वाट बघून उघडत नाही. काहीही न बदलता परत फासे टाकायला गेम परवानगीच देत नाही. आपण मात्र तेच ढापलेले नोट्स, त्याच आदल्या रात्रीचं जागरण घेऊन तिसऱ्यांदा त्याच पेपरला बसतो आणि युनिव्हर्सिटीच्या नावाने खडे फोडतो. तेव्हा नापासाला कुरवाळत बसा असं मी मुळीच म्हणत नाही. पुढे जा म्हणतेय. आणि पुढे जाताना हातात काहीतरी नवीन घेऊन जा.

हा सगळा गेम जणू आपटलेल्या लोकांनी आपटलेल्या लोकांसाठी केलाय. त्यातला माणूस आपटलेला, त्यातलं शहर आपटलेलं. आणि तो करणाऱ्यांची गोष्टही तीच. मुख्य लेखक रॉबर्ट कुर्वित्स. त्याने याच कल्पित जगावर एक कादंबरी लिहिली, ती २०१३ साली एस्टोनियन भाषेत आली. फारशी खपली नाही. तो पार खचला. पण ते जग मित्रांच्या टेबलावर फासे टाकून खेळत रचलेलं होतं. मग तेच जग गेममध्ये आणायचं ठरलं. बरोबर चित्रकार अलेक्सांदर रोस्तोव आणि 'झाउम' नावाची मंडळी. २०१९ च्या गेम अवॉर्ड्समध्ये या गेमला चार पुरस्कार मिळाले, पुढच्या वर्षी बाफ्टाचे तीन. नापास कादंबरीचं पुढचं पान हे असं निघालं! पण इथेच "आणि ते सुखाने नांदू लागले" नाही बरं का. २०२२ साली बाहेर आलं की कुर्वित्स, रोस्तोव आणि लेखिका हेलन हिंदपेरे हे त्याच कंपनीत उरलेले नाहीत, आणि तेही स्वखुशीने गेलेले नाहीत. मग भांडणं कोर्टात गेली. म्हणजे यशानंतरही फासे टाकावेच लागतात.

हे सगळं परदेशातलं, आपलं काय, असं कुणी म्हणेल. तर आपल्या पुण्यात 'नॉडिंग हेड्स' नावाच्या छोट्या स्टुडिओने 'राजी' नावाचा गेम केला. आरपीजी नाही, मारामारीचा आहे. सर्कशीतली मुलगी राजी, असुरांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते. मधल्या गोष्टी छायाबाहुल्यांच्या खेळासारख्या सांगितल्यात. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, ठरलेली रक्कम जमली नाही. नापास! तरी २०२० मध्ये गेम आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या गेमच्या गटात नामांकनापर्यंत गेला. आणि अगदी स्वप्नासारखं, तिरपागडं काही हवं असेल तर नाशिकहून पेठमार्गे वापीकडे जा. वापीजवळच्या चला गावात ध्रुव जानी यांचा 'स्टुडिओ ओलिओमिंगस' आहे. ते कधी अस्तित्वातच नसलेल्या मीर उमर हसन नावाच्या लेखकाच्या गोष्टींवर छोटे छोटे गेम करतात. म्हणजे हे सगळं आपल्या एसटीच्या अंतरावर चालू आहे, आणि आपल्याकडे बीईच्या प्रोजेक्टला दरवर्षी तीच लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम! गोडो नावाचं गेम इंजिन फुकट मिळतं. मराठीतून डोक्यातले चोवीस आवाज लिहायला कुणी पार्टनर मिळाला तर मी तयार आहे. चुकांची जबाबदारी माझी.

असो. सुट्टी संपत आली तेव्हा धीर करून मी तिला फोन केला. गेमबद्दल, लाल-पांढऱ्या चेकबद्दल सगळं उत्साहाने सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुला सोपं आहे गं बोलायला. त्या फाशांना फी भरावी लागत नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. तिच्या घरी एज्युकेशन लोनचा हप्ता आहे, एक धाकटा भाऊ आहे, चौकशी करणारे शेजारी आहेत. कुठल्याही गेममध्ये हे सगळं बसत नाही, आणि गेम खेळून कुणाचा एम-३ निघत नाही, हे मी लेखी मान्य करते. पण त्या दिवशी आम्ही पन्नास मिनिटं बोललो. फोन ठेवताना ती म्हणाली, "त्या रात्री तू जागी होतीस, मला माहीत होतं." मी सॉरी म्हटलं. तो चेक मी नापासच झाले होते, रिलोड नाही. पण गोष्ट पुढे चालू आहे. ती आता आपल्या ज्युनियर बॅचमध्ये आहे आणि दोन विषय तिने काढलेत. परवा कँटीनमध्ये माझ्या ताटातला वडा न विचारता उचलून खाल्ला. मला बरं वाटलं.

शेवटी दोन विनंत्या. पहिली मित्र-मैत्रिणींना. गेम खेळायचा तर असलाही एखादा खेळून बघा. तीसेक तासांत संपतो, साध्या लॅपटॉपवर चालतो, आणि रिलोड न करता खेळा. खून कुणी केला ते मी सांगणार नाही, टपरीवर चहा पाजलात तरी. आणि अंधारात कुणी "झोपलास का?" म्हणून विचारलं तर, जर्नल गेलं खड्ड्यात, उठून बसा.

दुसरी विनंती रेक्टर मॅडमना आणि सरांना. रिझल्टच्या रात्री कॉमन रूम साडेनवाला बंद होते. त्या एका रात्रीपुरती ती बारापर्यंत उघडी ठेवाल का? मेसवाल्या काकांना सांगून एक पातेलं चहा ठेवता आला तर फारच छान. भाषण नको, समुपदेशन नको. फक्त दिवा चालू असावा, म्हणजे ज्यांच्या खोलीतला दिवा बंद आहे त्यांना कुठेतरी जाऊन बसता येईल. पुढचा रिझल्ट लागायला अजून दोनेक महिने आहेत. चेक पांढरा आहे, मॅडम. विचार व्हावा.